नेम धरून मारला

आई, परवा गावानं माझा सत्कार केला, आणि तोही तात्यांच्या हातून. त्यांनी शाल पांघरली, नारळ हातात ठेवला, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो त्यांच्या उरलेल्या डोळ्याचा. खोटं कशाला बोलू? नारळ सोललेला होता, शेंडी राखलेला, मुठीत बरोबर बसत होता, आणि तात्या हातभर अंतरावर उभे. देशासाठी इतकी वर्षं चेंडू टाकलेल्या हाताला कुणी असं गोल, टणक काही दिलं की तो आपोआप मागं जातो, त्याला विचारावं लागत नाही. मी दुसऱ्या हातानं माझंच मनगट दाबून धरलं आणि फोटोसाठी हसले.

हा घाट घातला कुणी, असं तू विचारशील. गावाला वाटलं, एवढी मोठी खेळाडू आपल्या मातीतली, तिचा मान भावकीतल्या थोरल्यानंच करायला पाहिजे, आणि आपल्या भावकीत आता थोरले उरलेत ते हेच, तुझे चुलत दीर. ज्या बाईनं यांचा डोळा फोडला तिची मी लेक, आणि ज्या बाईचा हात यांच्या भावांनी मोडला तीही तूच, ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रीत म्हणजे रीत. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, किती वर्षं धरून बसायचं?" अण्णांचं काय जातंय! तुझा नवरा असून ते त्या दिवशी तुळजापूरला लॉजवर यात्रेकरूंना खोल्या उघडून देत होते. हात त्यांचा मोडला नव्हता.

मला तो दिवस आठवायला डोळे मिटावे लागत नाहीत. ज्वारी हुरड्यात आलीय, आणि मी आठ वर्षांची, ताटांच्या आड बसून कोवळं कणीस तळहातावर चोळतेय. तू पिकातल्या उंच माळ्यावर उभी. गोफण डोक्याभोवती गरगर फिरवतेस, एक टोक सोडतेस, आणि दगडाचा गुंडा सूं करून गेला की पाखरांचा अख्खा थवा पिकावरनं उठतो. पलीकडच्या मोकळ्या रानात तात्या नांगर धरून चाललेत. दर साली नांगरताना ते मधला बांध वीतभर कोरायचे, आणि वळताना त्यांचे बैल आपल्या ज्वारीत तोंड घालायचे. तू वरनं ओरडलीस. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग तू खाली उतरलीस, गोफण तशीच हातात घेऊन बांधाकडं गेलीस. तुझ्या शिव्या मला ऐकू येत होत्या, मधेच काहीतरी किंचाळल्यासारखं झालं, आणि मग तो आवाज आला. टणक वस्तू हाडावर बसल्याचा. तो मी पुढं आयुष्यभर मैदानावर ऐकत आले.

मी ताटं सारत बाहेर आले तेव्हा तात्या ढेकळांत गुडघ्यावर बसले होते. दोन्ही तळवे तोंडावर दाबलेले, आणि बोटांमधनं रक्त कोपरापर्यंत उतरत होतं. बैल नांगर ओढत उधळले होते. त्यांचे दोघं धाकटे भाऊ विहिरीचं खोदकाम टाकून पळत आले, टिकाव हातातच. त्यातला एकजण आधी विचारत होता, हे मला पक्कं आठवतं, कारण विचारताना तो रडत होता. "वैनी, चुकून लागला का? सांगा की, चुकून लागला न्हवं?" आणि तू पदर खोचलास. "चुकून? माझा हात चुकत न्हाय. नेम धरून मारला. म्होरल्या साली बांध कोरा, दुसराबी फोडते." त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. एकानं तुला मागनं आवळलं, तुझा उजवा हात बांधावरच्या दगडावर ठेवला, आणि दुसऱ्यानं टिकावाच्या दांड्यानं तो कोपराखाली मोडला. एकदा मारून भागलं नाही म्हणून परत मारला. तू ओरडली नाहीस. ओठ दातांनी फाटला होता, तशीच माझ्याकडं बघून म्हणालीस, "काय बघतीस? पाखरं हाकल." मी माळ्यावर चढले. खाली तू मातीत लोळत होतीस, आणि मी वर उभी राहून दिवस मावळेपर्यंत हुर्रर्र हा, हुर्रर्र हा ओरडत होते.

पोलिसात कुणीच गेलं नाही, कारण जेल दोन्हीकडच्यांना दिसत होती. चावडीवर बसून फिट्टंफाट झाली, डोळ्याला हात. तुझा हात बसला, पण वाकडा बसला. अंबाडा बांधता येईना, भाकरी एका अंगानं जाड व्हायला लागली, आणि गोफण तर कायमची सुटली. म्हणून तू मला माळ्यावर चढवलंस आणि स्वतः खाली ढेकळांचा ढीग घेऊन बसलीस. माझा नेम चुकला की ढेकूळ पाठीत. डाव्या हातानंसुद्धा तुझं ढेकूळ चुकत नव्हतं, बाई! बाभळीच्या फांदीला तू फुटक्या मडक्याचा गळा टांगलास आणि म्हणालीस, "ह्यो त्या काण्याचा डोळा. फोड." तुझ्या तोंडी त्यांचं दुसरं नाव मी कधी ऐकलं नाही, नुसता तो काणा. एकदा बोटं सुजली म्हणून मी गोफण फेकून दिली, तर तीच गोफण दुहेरी करून तू मला अंगणभर हाणलंस, आणि संध्याकाळी त्याच वळांवर हळद-तेल लावत बसलीस, तेही शिव्या देतच. मला त्याचा राग आहे, आई. अजून आहे. आणि तुझा अभिमानही आहे. हे दोन्ही एका पोटात वागवत मी मोठी झाले.

मी दहावीला असताना तुझी कावीळ उलटली. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात तू मला खाटेजवळ बोलावलंस. डोळे हळदीचे झाले होते. मला वाटलं, आता तरी काही मायेचं बोलेल. तू म्हणालीस, "त्या घरचं पाणी प्यायचं न्हाय. घे शपथ." मी तुझ्या वाकड्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

माझं क्रिकेट तू बघितलंच नाहीस. तेर गावच्या शाळेत आम्ही सगळ्या खो-खो खेळायचो. आपल्या जिल्ह्यात पोरीचे पाय जरा पळते दिसले की तिला खो-खोत बसवतात. पलीकडं मुलांचं क्रिकेट चालायचं. तू गेलीस त्याच वर्षी त्यांचा चेंडू आमच्या खांबापाशी आला, मी उचलून रागारागानं भिरकावला, आणि तिकडच्या तीन काठ्यांतली मधली काठी उखडून पडली. खेळाचे सर नुसते बघत राहिले. मग जिल्हा झाला, पुण्यातली निवड झाली, राज्य झालं, आणि एक दिवस निळा शर्ट अंगावर आला. हात वाकवून फेकते अशी कुणीतरी तक्रार केली तेव्हा कॅमेरे लावून माझा हात तपासला. सरळ निघाला. मला तिथं तुझा हात आठवला, आणि तपासणाऱ्या माणसांपुढं रडू नये म्हणून मी त्यांच्याशीच भांडण उकरून काढलं.

पहिल्याच परदेश दौऱ्यात मी एकीचं बोट मोडलं. पुढं एकीच्या बरगड्या. एकीचा दात खेळपट्टीवर पडला, तो मीच उचलून तिच्या हातात दिला, आणि लगेच पुढचा चेंडू तिच्या जागी आलेल्या पोरीच्या छातीवर टाकला. प्रत्येकीच्या हेल्मेटाआड मला तात्यांचं तोंड दिसायचं. धावायला सुरुवात करायच्या आधी मी स्वतःशी म्हणायचे, पाखरं हाकल. विकेटा पडायच्या, आपण जिंकायचो, लोक नाचायचे. पेपरवाल्यांनी विचारलं की मी तुझी गोष्ट सांगायची: माझ्या आईचा नेम आयुष्यात चुकला नाही, तिनं सांगून मारला. ऐकणाऱ्यांचे डोळे चमकायचे. खांदा दोनदा चिरून शिवला, तरी मी वेग कमी केला नाही. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. मी म्हटलं, असतील तेवढे.

आता गेल्या महिन्यातलं ऐक. परदेशात सामना, संध्याकाळची वेळ, दव पडलेलं. चेंडू साबणाच्या वडीसारखा झाला होता, कितीदा पुसला तरी हातात ठरेना. समोर त्यांची डावखुरी फलंदाज, नुकताच चौकार मारून माझ्याकडं बघून हसलेली. मला तिच्या पायाच्या अंगठ्यावर टाकायचा होता. तो निसटला. टप्पा न पडता सरळ तिच्या तोंडावर गेला, हेल्मेटची जाळी आणि वरचा छज्जा यांच्या मधल्या फटीतनं आत. तोच आवाज, आई. ती गुडघ्यावर बसली, दोन्ही हातमोजे तोंडावर दाबले, आणि मोज्यांमधनं रक्त तिच्या कोपरापर्यंत उतरलं. मी तिथं आठ वर्षांची होऊन उभी होते.

असं कुणाच्याही हातून होतं. गोलंदाजानं हात वर करायचा, माफी मागायची, झालं. पंचांनीही तेच विचारलं, निसटला का? आमची कॅप्टन माझा दंड धरून कानात सांगत होती, सॉरी म्हण, निसटला म्हण. एका शब्दाचं काम. पण माझी जीभ उचलेना. माझ्या हातून निसटला? तुझ्या लेकीच्या हातून? मी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "निसटला नाही. मारला." स्टंपातल्या माइकनं ते जगाला ऐकवलं.

तिच्या गालाचं हाड फुटलंय. डोळा वाचला म्हणतात, नजर किती येईल ते डॉक्टर सांगत नाहीत. मला तिथनं घरी पाठवलं. सोमवारी मुंबईत चौकशी आहे, आणि प्रश्न एकच आहे, मुद्दाम टाकला की सुटला. मुद्दाम म्हटलं की बंदी, आणि या वयात, या खांद्यानं, बंदी म्हणजे कायमचं घरी. सुटला म्हटलं की कदाचित वाचेन. पण मग मी तुझी कोण? तुला तर हात मोडायच्या आधी विचारलं होतं, आणि तू नाही म्हणाली होतीस. मी खरं काय ते कुणालाच सांगितलं नव्हतं. अण्णांना नाही, कॅप्टनला नाही. उशीत तोंड खुपसूनसुद्धा नाही.

तशात हा सत्कार. कमानीवर "वाघीण" लिहिलेलं, हलगी कडकडत होती, आणि मंचाच्या बाजूला पडदा लावून त्यावर तोच एक चेंडू पुन्हा पुन्हा दाखवत होते. ती बाई गुडघ्यावर बसायची, पोरं शिट्ट्या मारायची, की मागं नेऊन परत बसवायचे. "फोडलं की गं थोबाड!" असं कुणीतरी बायकांतनं ओरडलं. सरपंच माइकवर गरजले, "आईवर गेलीय! आईनं सांगून फोडला, लेकीनं सांगून फोडला!" टाळ्यांचा पाऊस. शेजारच्या खुर्चीत तात्या एका डोळ्यानं पडद्याकडं बघत बसलेले. त्यांचा फोडलेला डोळा हजारो माणसं टाळ्या वाजवत साजरा करत होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मघाशी सांगितला तो नारळ त्याच्या नंतरचा. शाल पांघरताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "उद्या घरला ये. एकटी ये."

मी गेले ती भांडायला गेले. रस्ताभर शिव्या जुळवत होते, तुझ्याच सगळ्या. त्यांचे ते दोघं भाऊ आता नाहीत. एक वारला, एक लेकाकडं पुण्याला असतो. ओसरीवर तात्या आणि काकू दोघंच. काकूंनी तांब्या-पेला आणून ठेवला आणि आत गेल्या. मी हात लावला नाही. तात्यांनी ते बघितलं.

"आईनं शपथ घातली आसंल."

"घातलीय. कशाला बोलावलंत?"

"बस तर खरं. काल समदी त्या बाईकडं बघत हुती. म्या तुझ्याकडं बघत हुतो. चेंडू सुटल्याबरूबर तुझा हात तोंडावर गेला. कमरंवर मागनं आला. पयला तोंडावर गेला हुता."

एवढे कॅमेरे, एवढे समालोचक, कुणाला ते दिसलं नव्हतं.

"तुझ्या आईचाबी असाच गेला हुता," तात्या म्हणाले. "दोन्ही डोळ्यांनी म्या ह्या दुनियेत शेवटचं काय बघितलं, सांगू? तुझ्या आईचं तोंड. लई भ्याली हुती. ती बैलाला मारत हुती, पोरी. पांढऱ्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर. म्या येसण धराया मधी वाकलो. ती वराडली, 'भावजी, सरका!' भावजी म्हणली बघ. तवर गुंडा आला."

"खोटं! माझ्या आईचा नेम चुकत नव्हता."

"चुकला का म्या आडवा आलो, त्यो देव जाणं. पर माझ्यावर न्हवता."

आई, मला कळलंच नाही मी कधी उठले ते. तांब्या माझ्या हातात होता, भरलेला, पितळेचा, पाणी कोपरावरनं सांडत होतं आणि हात पुरता मागं गेला होता. "मग बोलला का नाहीत?" मी किंचाळले. "ते तिचा हात मोडत होते तेव्हा का नाही बोललात? तोंड तर फुटलं नव्हतं तुमचं!"

तात्या हलले नाहीत. डोळाही मिटला नाही, आणि त्यांना आहे तो एकच आहे. "लाजंपायी," ते म्हणाले. "बाईनं नेम धरून डोळा फोडला म्हणलं की वैर हुतं. बैलाच्या ढुंगणावरला दगड डोळ्यात बसला म्हणलं की गाव हासतं. तिनं नेम म्हणलं, मला बरंच वाटलं. तिला हासू नको हुतं, मलाबी नको हुतं. तिचा हात त्यात गेला. कडाकडा मोडलेला ऐकत हुतो म्या, रगात पुसत. एक सबूद न्हाय बोललो." मग माझ्या वर उचललेल्या हाताकडं बघून म्हणाले, "मार. पर मारलास तर ह्यो तरी खरा मारलेला आसू दे."

हात खाली यायला फार वेळ लागला. तांब्यात घोटभर पाणी उरलं होतं. मी ते प्याले. आणि म्हणाले, "तात्या, माझ्याबी हातनं सुटला."

"ठावं हाय," ते म्हणाले. "आता त्यास्नी सांग."

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतेय. तुझ्या चुलीपाशी बसून हे लिहितेय, आणि लिहिताना दोनदा उठून भिंतीवर मूठ आपटून आले. अगं, एक शब्द! व्हय, चुकून लागला, एवढं म्हणाली असतीस तर तो रडणारा दीर तुला धरून घरी घेऊन आला असता. हात राहिला असता. मला ढेकळं बसली नसती, तुझी भाकरी गोल राहिली असती, आणि त्या परमुलखातल्या पोरीचा डोळाही कदाचित धड असता. तू तोंडावर नेलेला हात काढून पदर खोचलास, त्या एवढ्याशा वेळात माझा सगळा जन्म ठरला. आणि मी काय, मीही तेच केलं. मला तुझी चीड येते, आणि त्याच वेळी वाटतं, तू इथं असतीस तर त्या वाकड्या हाताला तेल लावून दिलं असतं.

सोमवारी मी सांगणार आहे, सुटला. हसतील. म्हणतील, बंदी चुकवायला शेपूट घातली. म्हणू देत. त्या पोरीला आज फोन केला, तिनं उचलला नाही, परत करीन. तुझं मात्र मी चौकशीत सांगणार नाही, गावात सांगणार नाही, पेपरवाल्यांना तर नाहीच. तात्यांनाही तसं म्हटलं, तर ते म्हणाले, एवढी वर्षं झाकलं, आता सरणावर नेतो. गावात तुझा नेम अजून अचूकच आहे, काळजी करू नकोस.

हा कागद तुला धाडायचा कुठं, चुलीतच जाईल. पण शपथ तुझ्या हातावर घेतली होती म्हणून तुला सांगायला पाहिजे. त्या घरचं पाणी मी प्याले, आई. आणि काकूंनी तांब्या भरून परत आणला, तेव्हा परत प्याले.